चाळीस दिवसांचं शुद्धिपत्र

आपा, पाण्याचा अंदाज मला अजून येत नाही. पुस्तकात लिहिलंय, कोपर बुडवून पाहा. मी कोपर बुडवते, मग मनगट, मग पुन्हा कोपर, आणि तोवर पाणी निवून जातं. तू नुसता बादलीवरून हात फिरवायचीस. वाफेवरूनच तुला कळायचं. "हां, आता आन पोरीला." मी एकदा विचारलं होतं, किती डिग्री असेल गं हे? तू म्हणालीस, "पोरीला इचार."

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. इथल्या झिंज भागातल्या बाळाला बारा. आणि जे काम मी अठ्ठावीस वर्षं टाळत आले, त्याचा आज माझा आठवा दिवस.

तू गेलीस त्या दिवशी बुसैतीनला तुझ्या घरी बायकांमध्ये बसले होते. सगळ्या तुझ्याबद्दल चांगलं बोलत होत्या. मला तसं जमेना, कारण मला तुझ्याशी भांडायचं होतं. आपलं भांडण अर्धंच राहिलंय, आणि ते अर्धं टाकून निघून जाणं तुला शोभलं नाही. म्हणून लिहितेय. तुला वाचता येत नसे, ती अडचण मला माहीत आहे. तुझी सून रुखसाना हे तुझ्या खोलीत बसून मोठ्याने वाचणार आहे, असं आमचं ठरलंय. मागच्या वेळी तिने माझं लिहिलेलं तुला वाचून दाखवलं तेव्हा काय झालं ते तुला आठवत असेलच. मला तर रोज आठवतं.

पण आधीपासून सांगते.

सत्तर साली मी बहारीनला आले तेव्हा माझ्याजवळ दोन सुटकेस, एक नवरा आणि समाजकार्यातली एक ताजी पदवी होती, आणि त्यांतल्या पदवीवरच माझा भरवसा जास्त होता. ती मी चौकट करून दारासमोर लावली, म्हणजे येणाऱ्याने चपला काढता काढता वाचावी. वर्ष सरायच्या आत अनघा झाली. माझ्या आईचा व्हिसा झाला नाही. यांच्या ऑफिसातल्या रत्नागिरीच्या एका कारकुनाने मला न विचारताच तुला निरोप धाडला, आणि पाचव्या दिवशी सकाळी तू मुहर्रकचा पूल ओलांडून मनामाला आमच्या दारात उभी. आत आलीस, बुरखा काढलास आणि नेमका त्या चौकटीच्या खिळ्याला अडकवलास. चाळीस दिवस माझी पदवी तुझ्या बुरख्याआड होती. आता मला त्याचं हसू येतं. तेव्हा मी रोज तू गेल्यावर चौकट पुसत होते.

तेवीस वर्षांची ती शहाणी बाळंतीण तुला काय काय विचारत होती, आठवतं? खोबरेल उकळून गार केलंय का? हे बेसन कशासाठी? धुरीने बाळाच्या छातीला त्रास नाही का होणार? आणि मग सगळ्यात मोठा प्रश्न, अगदी मुलाखत घेतल्यासारखा, "तुमचं ट्रेनिंग कुठे झालं?"

तू पाटावर पाय लांब करून बसली होतीस. अनघा तुझ्या नडग्यांवर पालथी. तू मान वर न करता म्हणालीस, "आईच्या पायावर. तुझं पन तितंच झालंय गो बाय, तुना आठवत नाय."

धुरीचं मात्र तू ऐकलंस. दुसऱ्या दिवसापासून शेगडी बाळाच्या खोलीतून बाहेर गेली. मी जिंकले असं मला वाटलं. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की तू आधीच बऱ्याच घरांत धुरी बंद केली होतीस, माझ्या घरी ती फक्त मला जिंकायला मिळावं म्हणून आणली होतीस.

आंघोळीचं पाणी नळाचं, मचूळ. पण बाळाच्या अंगावरून शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचा, यावर तुझा कटाक्ष. मग मला सेक. मग तुझ्या मागून एकेक बाई येत गेली. एकीने पेज आणि अळिवाची खीर करायची. एकीने दुपटी धुवायची. आणि एक होती ती काहीच करायची नाही. दुपारी यायची, माझ्याजवळ बसायची, आणि संध्याकाळी निघून जायची. मी तुला म्हटलं, ही कशाला येते? तू म्हणालीस, "ती बसनारी हाय. तिचं काम बसायचं."

मला फार हसू आलं होतं. पदवीधर होते ना.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी रडायला लागले ते थांबेचना. कारण काही नव्हतं. अनघा दूध पीत होती, हे वेळेवर घरी येत होते, खिरीत गूळ बेताचा होता. मी रडत होते आणि मला वाटत होतं की हे पोर कुणीतरी घेऊन जावं आणि परत आणू नये. हे मी कुणालाही सांगितलं नाही, आजवर कुणालाच नाही, यांनाही नाही. ती बसणारी बसून राहिली. तिने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तुझं काम सकाळीच संपलं होतं, तरी तू दुपारपर्यंत थांबलीस, आणि मग दुपारीही थांबलीस. तुम्ही दोघी माझ्या दोन बाजूंना बसून कुणाच्या तरी लग्नातल्या बिर्याणीवरून भांडत होतात. पाच दिवस तेच. सहाव्या दिवशी मी त्या भांडणात तोंड घातलं. तू तिच्याकडे बघितलंस आणि उठून बुरखा घेतलास.

एवढं केलंस, आणि मी काय केलं? त्याच आठवड्यात पुण्याला सासूबाईंना पत्र लिहिलं. मुसलमान बाई नातीला न्हाऊ घालते हे लिहायचं धाडस नव्हतं, आणि काहीच न लिहावं तर त्या काळजी करणार. म्हणून लिहिलं, "इथे एक नर्स येते." ते पत्र मी यांना हॉलमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. तू न्हाणीत होतीस. नंतर सेकायला बसले तेव्हा कमरेवरचा तांब्या असा कढत आला की मी किंचाळले. तू म्हणालीस, "सोसतंय. नर्सला म्हायती असतंय."

विषय तिथेच संपवलास. मला वाटलं, बरं झालं.

तुझा एकच नियम होता, आणि तो तू चाळिसाव्या दिवशी दारातून निघताना सांगायचीस. जिने चाळीस घेतले तिने चाळीस द्यायचे. मला नाही, पुढच्या बाईला. स्वयंपाक, दुपटी, आंघोळ, बसणं, जे जमेल ते, पण पुरे चाळीस दिवस. त्या नियमावर तुझं सगळं चालत होतं. मुहर्रक, मनामा, पुढे ईसा टाउन. कोकणातल्या, पुण्यामुंबईच्या, हिंदू, मुसलमान, जिची आई येऊ शकली नाही अशी प्रत्येक. सगळ्यांनी दिले. एका बाईने नाही दिले. अनघा लहान होती. मग ती शाळेत जायला लागली. मग मी शाळेत मुलांना समुपदेशन करायला लागले. मग माझी पाठ दुखायला लागली. तू दर वेळी विचारायचीस, "मास्तरीन, तुझे चाळीस?" आणि मी म्हणायचे, "पुढच्या वेळी आपा, नक्की." मग अनघाचं लग्न इथल्याच मुलाशी झालं, तिला लेक झाली आणि मी आजी झाले. ईसा टाउनला तिच्या घरीही पाचव्या दिवशी तूच आलीस, तोवर गुडघे धरत जिना चढणारी. म्हणजे मी ऐंशी घेऊन बसले होते, आणि दिला एकही दिवस नव्हता.

आणि अशा वेळी मला युरोपात शिकायला जायचं सुचलं.

ते खूळ कसं आलं ते सांगायला आता लाज वाटत नाही. नात झोपलेली, मी तिच्या पाळण्याशी वर्तमानपत्र चाळत होते, त्यात जाहिरात होती. युरोपातल्या देशांचं समाजकार्य आणि सामाजिक धोरणं यांचा तुलनात्मक अभ्यास, पदव्युत्तर, वर्ग हॉलंडमध्ये, पदवी इंग्लंडची. मधे मधे सुट्ट्या, म्हणजे सहा महिन्यांच्या आत परत येऊन इथला रहिवासाचा परवाना टिकवता येणार. वयाची अट नव्हती. मला वाटलं, चौकटीतल्या पदवीला आता जोडीदार हवा. यांना विचारलं तर हे म्हणाले, "आणि माझं जेवण?" तेव्हा तूच यांना सांगितलंस, "जाऊ दे तिना साहेब. हितं नुसती सल्ले देते." आणि मी तिकडे असताना यांचा डबा तुझ्या घरून आला. परत आले तेव्हा यांचं वजन वाढलेलं होतं.

निघायच्या आधी तू विचारलंस, "म्हंजे नेमकं काय शिकनार?"

मी म्हटलं, "वेगवेगळ्या देशांतली सरकारं माणसांची काळजी कशी घेतात, ते शेजारी शेजारी ठेवून पाहायचं."

"आनी मानसं मानसांची घेतात ती?"

"ती व्यवस्था नव्हे आपा. ती नुसती सवय."

तू ओव्याची पुरचुंडी माझ्या हातात दिलीस. "थंडीत चघळ. सवयीनं."

पंच्याण्णव सालच्या त्या सप्टेंबरात एक अठ्ठेचाळीस वर्षांची बाई कांजीवरम नेसून, खाली कॅनव्हासचे बूट घालून हॉलंडमधल्या एका वर्गात शिरली. वर्गात डेन्मार्कचा एक दाढीवाला होता, जर्मनीच्या दोघी, पोर्तुगालची एक हडकुळी मुलगी, असे पंधरा-वीस जण, सगळे माझ्या लेकीच्या वयाचे. आमचे प्राध्यापक उंच, पांढऱ्या केसांचे आणि फार हळू बोलणारे. ते फळ्यावर चार चौकोन काढायचे: सरकार, चर्च, बाजार, कुटुंब. मग एकेकाला विचारायचे, तुमच्याकडे म्हाताऱ्यांना कोण पाहतं, आजाऱ्यांना कोण, नव्या आईला कोण. आणि उत्तर योग्य त्या चौकोनात लिहायचे. पोर्तुगालची मुलगी म्हणाली, "आमच्याकडे आजी करते, आणि शेजारची आजी." कुणी हसलं नाही. त्यांनी चौथ्या चौकोनात लिहिलं, आणि शेजारच्या आजीसाठी फळ्याच्या कडेला एक पाचवा छोटा चौकोन काढला.

मग माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही राहता तिथे?"

आपा, तो पाचवा चौकोन तुझाच होता. फळ्यावर रिकामी जागा होती, खडू त्यांच्या हातात होता. मी पदर सारखा केला आणि ऐटीत म्हणाले, "आम्ही राहतो तिथे व्यवस्थाच नाही. नुसत्या बायका आहेत."

सगळे हसले. मला ते हसणं इतकं आवडलं की पुढे मी ते वाक्य दोनतीन ठिकाणी वापरलं.

प्रबंधाला मी विषय घेतला बाळंतिणीची घरी येऊन घेतली जाणारी काळजी, हॉलंड आणि इंग्लंड या दोन देशांत. हॉलंडमध्ये मारिके नावाच्या एका बाईबरोबर मी घरोघर फिरले. तिचं कामच ते. बाळ झालं की आठ-दहा दिवस रोज काही तास त्या घरी जायचं. आत गेली की स्वतःच्या सपाता घालायची. आधी आईला चहा. मग बाळाची आंघोळ, आईचे टाके बघणं, चादरी बदलणं, मोठ्या भावंडाला शाळेत सोडणं. सगळं एका वहीत लिहायची. पगार, प्रशिक्षण, रजा, सगळं रीतसर. मी हरखून गेले. रोज टिपणं काढली. मारिके बाळाला टॉवेलात घेऊन बसायची तेव्हा तिचा डावा हात बाळाच्या मानेखाली जसा जायचा, तो मी कुठेतरी पाहिलाय असं वाटायचं. कुठे, ते मात्र एकदाही आठवलं नाही. इतकी मी हुशार होते.

नाताळच्या सुट्टीत तुझ्यासाठी एक डबी आणली होती. तिथे बाळ झालं की पाहुण्यांना कडक टोस्टवर लोणी लावून त्यावर गुलाबी-पांढरे साखरेचे बारीक दाणे घालून देतात. आईला दूध येतं म्हणे. तू एक दाणा तोंडात टाकलास, साखर चोखलीस, आतलं बी दाताखाली फोडलंस.

"ही तर शोप हाय."

"तिथली बडीशेप वेगळी असते आपा."

"बाळंतिनीला शोप. साखर लावून." तू डबी बंद केलीस आणि माझ्याकडे असं बघितलंस की मी यांच्या मधुमेहाचा विषय काढला. "इमानात बसून गेलीस ती ह्याच्यासाठी?"

मग भांडलो आपण. मी म्हटलं, त्यांच्याकडे हे प्रत्येक बाईला मिळतं, श्रीमंत असो की गरीब, तो तिचा हक्क आहे. तुझ्याकडे मात्र तुझ्या कानावर आली तीच वाचते. जिचा निरोप तुझ्यापर्यंत पोचला नाही तिचं काय? या एका मुद्द्यावर तू नेहमीच गप्प व्हायचीस, हे मी मुद्दाम इथे लिहून ठेवते, कारण तो मुद्दा अजूनही माझाच आहे आणि मी तो सोडणार नाही. पण मग तू विचारलंस, "ती मारिका किती दीस येते?"

"आठ. फार तर दहा."

"म्हंजे बाय रडाय लागायच्या आदीच गेली."

मी प्रबंधात बाळंतपणानंतरच्या उदासीवर एक पूर्ण प्रकरण लिहिलं आहे. वीस-बावीस पुस्तकांचे दाखले दिलेत. बसणारीचा त्यात उल्लेख नाही. माझाही नाही.

आणि पान एकेचाळीसवर ते वाक्य आहे. बहारीनमधल्या भारतीय कुटुंबांत बाळंतिणीची घरी येऊन काळजी घेणारी कोणतीही संघटित व्यवस्था अस्तित्वात नाही. कच्चा मसुदा तपासून परत आला तेव्हा त्या वाक्याशेजारी प्राध्यापकांनी पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "मग हे करतं कोण?" मी तो प्रश्न रबराने पुसला आणि वाक्य तसंच टंकायला दिलं.

पदवी मिळाली. निळ्या रेक्झिनची बांधणी, सोनेरी अक्षरं. प्रत घेऊन, वर पेढे घेऊन, एका शुक्रवारी दुपारी मी बुसैतीनला आले. तू पलंगावर पाय पसरून बसली होतीस, रुखसाना तुझ्या गुडघ्यांना तेल चोळत होती. तू म्हणालीस, "वाच गो रुखसाना. बगू तिनं काय दिवे लावलेत." ती क्लिनिकमध्ये नोकरी करते, इंग्रजी सराईत. वाचायची आणि सांगायची. ऋणनिर्देशात नवऱ्याचं नाव होतं, प्राध्यापकांचं, ग्रंथपालाचं, मारिकेचं. तू पेढा खात होतीस, मान हलवत होतीस. तुझं नाव आलं नाही हे माझ्या तिथे बसल्या बसल्या लक्षात आलं. आपा, त्याआधी खरंच नव्हतं आलं. मग मला पान एकेचाळीस आठवलं आणि मी म्हटलं, "राहू दे गं रुखसाना, चहा कर." ती म्हणाली, "एवढं पान होऊ द्या ना आंटी."

आणि ती मधेच थांबली.

"काय झालं?" तू विचारलंस.

"काय नाय अम्मी. असंच."

"वाच."

तिने माझ्याकडे बघितलं, मग पुस्तकात बघत सांगितलं, "हितं लिवलंय की बहारीनला... बाळंतिनीला घरी येऊन बगनारं असं कोनी नाय."

तू पेढा संपवलास. हात पुसलेस. मला वाटलं ओरडशील. तू अगदी साध्या आवाजात विचारलंस, "मग मी कोन होती?"

मी खूप बोलले. संघटित म्हणजे काय, व्यवस्थेची व्याख्या काय, हे विद्यापीठासाठी आहे, तिथे असंच लिहावं लागतं. रुखसाना चहा करायला उठून गेली. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "बरं. मघापास्नं पाय दुखतोय. ये आता."

दोन आठवडे मी आले नाही. मग आले आणि म्हटलं, मी ते वाक्य बदलते. ग्रंथालयातल्या प्रतीत शुद्धिपत्र चिकटवायला सांगते.

"वाक्य कशाला बदलतेस? चाळीस दे."

दीड वर्ष आपण हेच भांडलो. मी म्हणायची, लिहिलेलं राहतं. तुझ्या डोक्यात कोण कुठे राहते, कुणाला कितवा लागलाय, कुणाचे चाळीस बाकी, हे सगळं आहे, आणि तू गेलीस की ते सगळं जाईल. तू म्हणायचीस, "लिवलं की हापीस येतं. हापीस आलं की शुक्रवारी बंद." मी म्हणायची, आधी शुद्धिपत्र. तू म्हणायचीस, आधी चाळीस. तू हट्टी होतीस. मीही काही कमी नाही. आणि खरं कारण वेगळंच होतं, ते आता सांगते. मला भीती वाटत होती. चार पुस्तकी गोष्टी सांगणं निराळं आणि पाच दिवसांचं ओलं, तेलकट, वळवळतं पोर दोन पायांवर घेणं निराळं. कागद दुरुस्त करणं मला येत होतं, म्हणून मला ते आधी करायचं होतं. आणि ते येत असूनही मी दीड वर्षात केलं नाही. यातच काय ते समज.

तुझा शेवटचा फोन आला तेव्हा तुला धाप लागत होती. "झिंजला एक पोरगी हाय. स्नेहल. नववा लागलाय. आई नाय तिना, सासूचा व्हिसा नाय, नवरा शिफ्टवर. तेल-पानी तुझं. बाकीच्या तिगींना मी सांगितलंय."

"आपा, मला नाही येत ते. मी दुपटी धुते."

"दुपटी हमीदा धुते."

"तू बरी झालीस की तूच जा. मी तुझ्याबरोबर येईन, बघेन."

"अठ्ठावीस वर्सं बगतेस." मग तू जरा दम घेतलास. "मी मेली तरी पानी तापेल."

"कोण तापवेल?"

"तू," म्हणालीस, आणि फोन ठेवलास. भांडणात शेवटचा शब्द आपला झाला की तू फोन ठेवायचीसच. त्यानंतर आपलं बोलणं नाही.

तुला नेलं त्या दिवशी रात्रीपर्यंत मी रडले नाही. बाजारातून येताना तीन किलोचं एक कलिंगड आणलं. न्हाणीत पाट मांडला, पाय लांब केले, साडी गुडघ्यापर्यंत घेतली आणि कलिंगड नडग्यांवर ठेवून त्याला तेल लावायला लागले. ते दोनदा घरंगळलं. हे दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "न्हाऊ घालतेयस की कापतेयस?" तेव्हा मला रडू आलं. ह्यांनी खाली बसून कलिंगड धरलं.

सहा दिवसांनी स्नेहलला मुलगी झाली. पाचव्या दिवशी सकाळी मी तिच्या दारात उभी होते. पाण्यात कोपर तीनदा बुडवून पाहिलं. मग पोर पायांवर घेतलं, डावा हात मानेखाली आपोआप गेला, आणि तेव्हा मला आठवलं की मारिकेचा तो हात मी आधी कुठे पाहिला होता. पोरीने आधी भोकाड पसरलं. तेल पाठीवरून खाली उतरलं तशी गप्प झाली. शेवटचा तांब्या मी बाटलीतल्या पाण्याचा घातला. आता नळाला बरं पाणी येतं, हे मला माहीत आहे. तरी घातला.

आज आठवा दिवस. मारिकेच्या हिशेबाने उद्यापासून माझी सुट्टी. तुझ्या हिशेबाने बत्तीस दिवस अजून आहेत, आणि त्यानंतर अनघाच्या वाट्याचे चाळीस, कारण ते तिने घेतले असले तरी तिच्यासाठी बोलावलं तुला मीच होतं. रुखसाना, हमीदा आणि मी दर शुक्रवारी बसणार आहोत. तुझ्या डोक्यातलं जेवढं आमच्या तिघींच्या डोक्यात मिळून आहे, ते आम्ही वहीत उतरवतोय. तुला आवडणार नाही. ऑफिस होणार नाही, हे वचन. पण जिचा निरोप पोचत नाही तिच्यापर्यंत पोचायचं असेल तर वही लागेल, आणि वही मी करणार.

शुद्धिपत्रही परवा टपालात टाकलं. ते असं आहे. पान एकेचाळीस, "व्यवस्था अस्तित्वात नाही" याऐवजी वाचावे: "आहे. ती चाळीस दिवसांची आहे. प्रस्तुत लेखिकेने तिचा दोनदा लाभ घेतला आणि लिहिताना तिला ती दिसली नाही." खाली प्राध्यापकांच्या नावे एक ओळ: "आपण पेन्सिलीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर: हलीमाआपा, आणि तिने कामाला लावलेल्या बायका." ग्रंथालयाने चिकटवायला नकार दिला तर मी स्वतः जाईन आणि पिठाच्या खळीने चिकटवून येईन. कांजीवरम नेसूनच.

आता आज सकाळचं सांगते आणि उठते.

पोरीला न्हाऊ घालून झोपवलं होतं. स्नेहल सेकायला पाटावर बसली होती, मी मागे तांब्या घेऊन. तिच्या सासूचा नाशिकहून फोन आला. नवऱ्याने फोन दारातून आत दिला, वायर ताणून. स्नेहल म्हणाली, "हो आई, मी ठीक आहे. बाळही छान आहे." तिकडून बरंच काही विचारणं चाललं होतं. स्नेहलने एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं, आवाज जरा खाली आणला आणि म्हणाली, "नाही नाही, काळजी करू नका. इथे एक नर्स येते."

आपा, चाळिसावा दिवस यायचा आहे, तेव्हा दारातून निघताना तिला नियम सांगेन.

फक्त पुढचा तांब्या कमरेवर जरा कढत ओतला.